कोयता निघायच्या आत : मतदार शिक्षण प्रकल्पाच्या नोंदी, बीड जिल्हा, २०२४

३० जुलै, मंगळवार

पहिली बैठक शाळेच्या वऱ्हांड्यात घेतली, कारण ऑफिसचं छत गळतंय. आराखडा मी रात्री जागून लिहिला होता. प्रभातफेरी, रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, पथनाट्य आणि शेवटी मतदाराची शपथ. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला. निवृत्त मुख्याध्यापक. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची सगळी अशैक्षणिक कामं अंगावर काढलेला माणूस. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "हे कुणासाठी?"

मतदारांसाठी, म्हटलं.

"मे महिन्यात इथल्या माणसाला मत दे म्हणून सांगावं लागलं का?"

नव्हतं लागलं. १३ मेला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा बीडचा आकडा सत्तर टक्क्यांच्या वर गेला, आणि तोही त्या उन्हात. राज्याचा एकूण आकडा एकसष्टच्या आसपास होता. म्हणजे निरुत्साह हे आमच्या डोंगरपट्ट्याचं दुखणं नाही. ते मोठ्या शहरांचं असेल. तिथली औषधं इथं का वाटायची?

दुखणं वेगळं आहे. मे महिन्यात कोयता घरी असतो. बाहेरच्या वाचकासाठी लिहून ठेवतो: आमच्याकडे कोयता म्हणजे ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, जोडीला उचल (आगाऊ पैसे) देतो, दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो, आणि मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, घराला कुलूप. विधानसभेचं आजवर जमून गेलं. २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर. तिन्ही वेळा मतदान दिवाळीच्या अलीकडे पडलं. यंदा विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपते आणि दिवाळी १ नोव्हेंबरला आहे. तारीख दिवाळीच्या पलीकडे गेली तर आमच्या अर्ध्या घरांना कुलूप असणार.

आराखडा परत घेतला. शपथ आणि रांगोळी ठेवली, कारण अनुदानाच्या पत्रात ती आहेत. कार्यक्षेत्र सहा गावं आणि पाच तांडे (बंजारा वस्त्या).

८ ऑगस्ट, गुरुवार

परवा, ६ तारखेला, प्रारूप यादी लागली. दावे-हरकती २० पर्यंत. आज पहिलं यादीवाचन, सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर, संध्याकाळी सात वाजता. माणसं शेतातून आल्यावर.

गुरुजी एकेक नाव हजेरीसारखं वाचत होते. उत्तरं ओट्यावरच्या बायका देत होत्या, पुरुषांना निम्मी नावं माहीतच नव्हती. "हाय." "हाय." "मेली, लई वर्सं झाली." "दिल्या घरी गेली." "ही कोण? असं कुणी नाय आमच्यात." मी तीन खुणा ठरवल्या होत्या, अर्ध्या तासात सात झाल्या. आहे, मयत, दिल्या घरी, नाव चुकलं, नवऱ्याचं नाव चुकलं, फोटो दुसऱ्याचा, आणि सातवी नुसतं प्रश्नचिन्ह.

घर क्रमांकाच्या रकान्यात तांड्याच्या अख्ख्या पानावर शून्य. कोंडाबाई नावाच्या चौघी, चौघींच्याही नवऱ्याचं नाव सारखंच, वयात एक-दोन वर्षांचा फरक. यातली कोण कुठली हे चौघींनी आपसात वाटून घेतलं. मग त्यातलीच एक म्हणाली, "मंग माजं कार्ड कुनाचं हाय?"

सर्वात जास्त गोंधळ सुनांचा. नाव माहेरच्या यादीत, संसार इथं. लग्नानंतर कुणीतरी इथं सहा नंबरचा फॉर्म नव्यानं भरून दिलेला, म्हणजे आता दोन ठिकाणी नाव किंवा दोन्हीकडून अडकलेलं. नाव आधी कुठंही असेल तर नमुना ८ भरून स्थलांतर मागायचं, नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव घालताना. एवढी एक गोष्ट आज मी पंधरा वेळा तरी सांगितली असेल.

घरी येताना गुरुजींनी जुनी गोष्ट काढली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत अठ्ठावीस लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून गळाली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच. सुकुमार सेन निवडणूक आयुक्त होते, त्यांनी अशा नोंदी घ्यायला नकार दिला. बहुतेक नावं उत्तरेकडची. "आता नाव सांगतात," गुरुजी म्हणाले, "आता गाव कुठलं लिहायचं हा प्रश्न."

१२ ऑगस्ट, सोमवार

मयतांची नावं काढायला लोक तयार नाहीत. एका घरी सासूचं नाव अजून यादीत आहे, ती जाऊन सहा वर्षं झाली. नमुना ७ पुढं केला तर सून म्हणाली, "राहू द्या की, रेशन बंद व्हईल." रेशनकार्ड वेगळं, मतदार यादी वेगळी, हे समजावण्यात दुपार गेली. तिला पटलं असं वाटलं. फॉर्मवर अंगठा मात्र दिला नाही. मुलाला विचारून सांगते म्हणाली. आग्रह केला नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी निवडणूक आयोगाची दिल्लीतली पत्रकार परिषद ऑफिसात मोबाईलवर बघितली, चार जण एका स्क्रीनवर वाकून. जम्मू-काश्मीर आणि हरियाणाची तारीख जाहीर झाली. महाराष्ट्राची नाही. पाऊस, गणपती, नवरात्र, दिवाळी अशी कारणं सांगितली.

म्हणजे दिवाळीच्या पलीकडेच. ऑफिसात कुणी बोललं नाही. तांड्यावरची ताई (आमची कार्यकर्ती, स्वतः आठ हंगाम फडात काढलेली) एवढंच म्हणाली, "दिवाळी बगितली, ट्रॅक्टर न्हाय बगितला."

२० ऑगस्ट, मंगळवार

दावे-हरकतींचा शेवटचा दिवस. तीन आठवडे आमच्या टेबलावर जी गर्दी आहे ती आमच्या जागृतीमुळं, असं अहवालात लिहायला मला आवडलं असतं. खरं कारण लाडकी बहीण. अधिवास दाखला नसेल तर जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला किंवा मतदार ओळखपत्र चालतं; म्हणून बायका ओळखपत्राच्या शोधात निघाल्या आणि कार्ड हातात आल्यावर कळलं की नाव चुकलंय. मोहरमच्या आधी कुणी सांगितलं असतं की योजनेच्या अर्जामुळं यादी दुरुस्त होईल, तर मी हसलो असतो.

एक पथ्य पाळायचं ठरलं. टेबलावर योजनेबद्दल बरं-वाईट एक शब्द नाही. कुणी "हे पैसे कुणी दिले" हा वाद सुरू केला की नमुना ८ त्याच्या पुढ्यात ठेवायचा.

बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या, अंगणवाडीच्या ताई आहेत. दिवसभर पोषण आहार, संध्याकाळी योजनेचे अर्ज, रात्री आमच्या फॉर्मांचा गठ्ठा. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून टाकीच्या जिन्यावर बसून भरतात. त्यांना आणखी एक प्रशिक्षण द्यावं असं आमच्या मूळ आराखड्यात होतं. खोडलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

पोळ्याला जो लागला तो पाऊस आज थांबला. पूल पाण्याखाली होते, दोन तांड्यांवर जाता आलं नाही. अंतिम यादी ३० ऑगस्टला लागली आहे, अजून हातात नाही. कापूस काळा पडणार असं सगळे म्हणतायत. कापूस गेला की उचल जास्त घेतील, आणि उचल जास्त घेतली की मुकादम लवकर नेईल. आमच्या प्रकल्पाचं हवामान असं चालतं.

१८ सप्टेंबर, बुधवार

प्रात्यक्षिकाची गाडी आली. यंत्र बघायला पोरं जास्त, मतदार कमी, पण दुपारनंतर म्हाताऱ्या बायका आल्या आणि मग मजा आली.

एका आजीनं मशीनसमोर जाऊन पहिला प्रश्न विचारला, "अंगठा कुठं लावायचा?" रेशन दुकानातलं मशीन डोक्यात. आम्ही म्हणालो, अंगठा किंवा सही आधी रजिस्टरमध्ये, इथं फक्त निळं बटण. चिन्हं बघून ती थांबली. प्रात्यक्षिकाच्या यंत्रावर कुठल्याच पक्षाची चिन्हं नसतात. "ह्यातलं एकबी माझं न्हाई," म्हणाली. बरोबरच होतं. मग एक दाबलं. लाल दिवा लागला, आणि दिव्याबरोबर आजी वळली.

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते. आजीनं ती पाहिलीच नाही. पुन्हा पाठवलं. या वेळी काचेला नाक लावून उभी राहिली, चिठ्ठी कापून डब्यात पडली तशी हात पुढं केला. "पावती द्या की."

पावती मिळत नाही, ती पेटीतच राहते, हे तिला पटेना. रेशनवाला देतो, बँकवाला देतो, एसटीवाला देतो. घरी पावती नेली तर कुणाला मत दिलं हे दुसऱ्याला दाखवता येईल आणि दुसऱ्याला ते मागताही येईल, असं ताईनं गोरमाटीत (बंजारा बोलीत) सांगितलं. तेव्हा आजी क्षणभर गप्प झाली आणि हळूच म्हणाली ते ताईनं मला नंतर सांगितलं: "मंग बरंय. घरी पोरगं इचारतंय."

त्यानंतरच्या प्रत्येक प्रात्यक्षिकात आम्ही दोन गोष्टी पक्क्या केल्या. दिवा लागला म्हणून वळायचं नाही, डोळे काचेवर. आणि चिठ्ठी का देत नाहीत हे आधीच सांगायचं, कुणी विचारायच्या आत. शेवटचं बटण ‘वरीलपैकी कोणीही नाही’ याचं असतं, हेही दाखवलं. २०१३ पासून आहे, तरी निम्म्यांना नवीन.

२६ सप्टेंबर, गुरुवार

या आठवड्यात मंत्र्यांच्या समितीनं उसाचं गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायला परवानगी दिली. गेल्या वर्षी १ नोव्हेंबर होती. ऑफिसात पेढे आणायचं राहिलं एवढंच.

मग ताईनं हिशोब मांडला. १५ ला मोळी टाकायची, म्हणजे गाळप सुरू करायचं, तर १० ला टोळी तिथं पोहोचलेली हवी. कोप्या (पाचटाच्या झोपड्या) बांधायच्या, पाण्याचं बघायचं, फड वाटून घ्यायचे. कर्नाटकातले कारखाने आधी पेटतात असं मुकादम म्हणतात. म्हणजे भाऊबीज झाली की निघाले. पेढे नकोत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

जाहीर झालं. २० नोव्हेंबर, बुधवार, एकाच टप्प्यात २८८ जागा. आचारसंहिता आजपासून.

भिंतीवरच्या घोषणा थांबवल्या. आमच्या घोषणांना कुणी हरकत घेतली नसती, पण परवानगीचा कागद हातात नसताना रंगाचा डबा घेऊन फिरायचं नाही. भोंग्याचाही अर्ज दिला. कागदोपत्री दिवस छत्तीस आहेत. आमच्या लोकांसाठी लक्ष्मीपूजनापर्यंतचे सतरा.

रात्री एक कल्पना निघाली: टपाली मतदान मागू. गुरुजींनी लगेच मोडीत काढली. सैनिक, निवडणूक कर्मचारी, ठरवून दिलेल्या अत्यावश्यक सेवांतले, पंच्याऐंशीच्या वरचे, दिव्यांग. ऊसतोड यात कुठंच बसत नाही. २०२३ च्या जानेवारीत दूरस्थ मतदानाचं यंत्र दाखवायला दिल्लीत पक्षांना बोलावलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघ, परगावच्या मजुराला जिथं असेल तिथून मत देता यावं म्हणून. पक्षांनी शंका काढल्या आणि ते तिथंच राहिलं. शंका खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. पण ते यंत्र ज्यांच्यासाठी होतं ती माणसं आज आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसली होती आणि त्यांना ते आलं होतं हेही माहीत नव्हतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

या निवडणुकीसाठी नवीन नाव घालायचा शेवटचा दिवस. रात्री साडेदहापर्यंत बसलो.

संध्याकाळी एक सासू सुनेला घेऊन आली. कोयता तिचा मुलगा आणि ही. पोरीनं डोक्यावरचा पदर दातात धरलेला. आधारवर जन्म डिसेंबर २००६. म्हणजे १ ऑक्टोबरला अठरा पूर्ण नाहीत, या यादीत नाव येत नाही. सासू म्हणाली, "टाका की वर्स, काय फरक पडतो, लगीन तर झालंय." खोटं वय लिहून दिलं तर तो गुन्हा आहे, भरणाऱ्यालाही लागतो, हे सांगितलं. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो, १ जानेवारीच्या अर्हता दिनांकाला नाव लागेल. तो भरून घेतला. पोरीनं सही छान केली, अक्षर आमच्या सगळ्यांपेक्षा बरं.

लग्न कधी झालं हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. या वहीत ही गोष्ट बसत नाही, पण दुसरी वही माझ्याकडे नाही. अंगणवाडीच्या ताईंच्या कानावर घातलं. त्यांना आधीच माहीत होतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आमची चूक. नीट लिहून ठेवतो.

पत्रक छापताना गृहमतदानाचा मजकूर जुन्या साहित्यावरून उचलला. त्यात "८० वर्षांवरील". ही अट १ मार्चपासून ८५ झाली आहे, आणि मी स्वतः ती वाचलेली होती. हजार प्रती छापून निम्म्या वाटल्यावर आज एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांकडे १२-ड, म्हणजे घरून मत द्यायचा अर्ज, घेऊन गेलो, तेव्हा बीएलओ ताईंनी दारातच सांगितलं. आजोबांनी धोतर बदलून, खाटेवर नवी चादर घालून ठेवली होती. घरी येऊन मत घेणार म्हणून गावात सांगितलंही होतं.

अधिसूचना २२ ला निघाली, पाच दिवसांत, म्हणजे २७ पर्यंत १२-ड जायला हवेत. दिवसभर आम्ही दोन माणसं पेन घेऊन घरोघरी ८० चं ८५ करत फिरलो. अकरा घरांत माफी मागितली. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना वयाची अट नाही, ते तेवढं बरोबर छापलं होतं. त्यातले चौघे मिळाले, एकानं नकार दिला: "मी चालत जाईन, लोक बगतील तरी." एकदा घरून द्यायचं मंजूर झालं की केंद्रावर देता येत नाही, त्यामुळं त्याचा नकार योग्यच होता.

आजोबांना केंद्रावर चाकाची खुर्ची मिळेल असं सांगितलं. ते म्हणाले, "मंग चादर काडू का?"

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

चार मुकादमांशी बैठक. चहा त्यांनी पाजला, आम्ही पाहुणे. मुकादमाला खलनायक करून लिहिणं सोपं असतं, आणि काही आहेतही तसे; पण या चौघांतले तिघं स्वतः कोयता चालवून वर आलेले.

आमचं म्हणणं: २० ला मत देऊन २१ ला निघा. त्यांचं म्हणणं: कारखान्याकडून उचल उचललीय, त्यांना तारीख दिलीय. २१ ला पोहोचलो तर जवळचा फड दुसऱ्या टोळीला जातो आणि आम्हाला वीस किलोमीटरवरचा मिळतो. त्यात डिझेल कुणाचं?

मी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५-ब काढलं. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालाही. सगळ्यात वयस्कर मुकादमानं शांतपणे विचारलं, "टनावरच्या माणसाचा भरपगार किती?"

जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते तेव्हा पैसे अंगावर पडतात. न तोडलेल्या उसाचा पगार कसा काढायचा? वर खाडा धरला तर तो वेगळा कापला जातो. कायद्यात रोजंदारीचा शब्द आहे, टनाचा नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते आहे असं दाखवलं नाही. त्यामुळंच बहुधा पुढं बोलणं झालं.

शेवटी: एक मुकादम २० ला संध्याकाळी निघतो म्हणाला, त्याचा कारखाना जवळचा आहे. दुसरा म्हणाला, ज्यांना यायचं त्यांना १९ ला सोडतो, खाडा धरणार नाही, पण गाडी देणार नाही. उरलेल्या दोघांनी "बघू" म्हटलं. बीडमध्ये "बघू" म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रॅक्टर. पहाटे चारपासून. ट्रॉलीत पीठ, सरपण, पत्र्याची पेटी, शेळी, पाळणा. ज्यांची पोरं हंगामी वसतिगृहात राहणार ती म्हातारीचा पदर धरून उभी.

रस्त्यावर उभं राहून मी प्रत्येक जोडीच्या हातात कागद दिला: भाग क्रमांक, अनुक्रमांक, शाळेची कुठली खोली, आणि मतदारांच्या मदतीचा १९५० हा नंबर. घोषवाक्य काढून टाकलं होतं, जागा पुरत नव्हती. एका बाईनं कागद घेतला, चार घड्या घालून पोलक्यात ठेवला आणि विचारलं, "येनं झालं न्हाई तर हे परत द्यायचं का?"

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मतदार चिठ्ठ्या वाटप. बीएलओ ताईंबरोबर फिरलो. एका तांड्यात ओळीनं एकोणीस कुलुपं. चिठ्ठी कुणाकडे द्यायची? घरातल्या प्रौढ माणसाकडे. आजीकडे सात चिठ्ठ्या जमल्या, तिनं त्या देव्हाऱ्यात ठेवल्या.

चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही, हे पुन्हा सांगितलं. मतदार कार्ड किंवा बारा कागदांपैकी एक: आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोचं पासबुक वगैरे. ऊसतोड कामगाराचं ग्रामसेवकाच्या सहीचं ओळखपत्र त्या बारांत नाही. हे सांगताना जीभ जड होते. ज्या कागदावर फोटो, नाव, गाव आणि धंदा सगळं खरं लिहिलंय, तोच चालत नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून फोन. कोप्यांवरून. "गाडी पाठवता का?" उमेदवारांची माणसंही त्यांना फोन करतायत, त्यांच्याकडे गाड्या आहेत.

पैसे उरलेत. एक टेम्पो करून पन्नास माणसं आणता येतील. तासभर भांडलो. ताईचं म्हणणं, आणा, कुणाला सांगू नका. माझं म्हणणं, नको. मतदारांची ने-आण करायला उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं कुणी गाडी लावणं हा गुन्हा आहे; आम्ही कुणाचे नाही, पण गावात गाडी उतरली की पहिला प्रश्न "कुणाची?" हाच येणार, आणि दुसऱ्या दिवसापासून आमचं यादीवाचन कुठल्यातरी पक्षाचं होऊन बसणार. गुरुजी माझ्या बाजूनं बोलले. ताई शेवटी म्हणाली, "तुमचं बरोबर असंल. पन तुमी कदी फडातून आला न्हाईत." हे लिहून ठेवतोय, कारण निर्णय माझा होता.

एसटीचा हिशोब फोनवर सांगितला. बाईला अर्धं तिकीट, म्हणजे जोडीचं दीड. पण १९-२० ला निम्म्या गाड्या निवडणुकीच्या कामाला लागणार, तेव्हा १८ च्या रात्रीच निघा. जे १८ ला निघतील त्यांचे खाडे दोन.

२० नोव्हेंबर, बुधवार

सात ते सहा. आम्ही केंद्रापासून लांब, वडाखाली, कुठलाही फलक न लावता. यादी आणि पाण्याचा माठ.

सकाळी म्हातारी माणसं आणि उरलेले. प्रात्यक्षिकातली आजी बाहेर आली, शाई लावलेलं बोट उंच धरून. "न्हाई वळले," म्हणाली. ब्याऐंशीचे आजोबा खुर्ची न घेता आले, काठीवर.

दुपारी शांत. दोनच्या सुमारास ज्या मुकादमानं १९ ला सोडतो म्हटलं होतं, त्याच्या टोळीतली नऊ माणसं एका जीपमध्ये आली. जीप कुणाची, विचारलं नाही.

पावणेसहाला मोटारसायकलवर एक जोडी आली. सांगलीकडून निघालेली, तालुक्यापर्यंत एसटी, पुढं भाचा आणायला गेला होता. दोघांच्या अंगावर फडातलेच कपडे, बाईच्या हातावर उसाच्या पात्यानं कापलेल्या बारीक रेघा. नवऱ्याचं नाव खोली एकमध्ये. बाई त्याच्याबरोबर त्याच रांगेत उभी राहिली. ताई इथून ओरडली, "तुजं दोन नंबरमंदी!" ऑगस्टमध्ये तिचं नाव माहेराहून आणलं तेव्हा ते शेजारच्या भागात पडलं होतं, तिच्या कागदावर ते होतं, पण कागद तिनं पिशवीत तळाशी ठेवलेला. सहाला तीन मिनिटं असताना ती पळत दोन नंबरच्या रांगेत गेली. सहाला जे रांगेत असतात त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या देतात. पहिली चिठ्ठी तिची.

साडेसहाला दोघं बाहेर आले. माठातलं पाणी प्याले. घरात गेले नाहीत, कुलपाची किल्ली कोपीवर राहिली होती. रात्रीच्या गाडीनं परत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

हिशोब. ऑगस्ट ते ऑक्टोबर आमच्या हातून गेलेले अर्ज बहुतेक मार्गी लागले, काही फेटाळले गेले, त्यांची वेगळी यादी केली. "बघू" म्हटलेल्या दोन मुकादमांच्या टोळ्यांतून एकही माणूस आला नाही. राज्याचं मतदान ६६ टक्क्यांवर गेलं, २०१९ च्या पुढं, म्हणून अनुदान देणाऱ्यांनी अभिनंदनाचा मेल पाठवला आणि शपथेचे फोटो मागितले. शपथ आम्ही २५ ऑक्टोबरला शाळेत घेतली होती, पोरांकडून. फोटो चांगले आलेत.

उरलेली पत्रकं गुरुजींनी शाळेला दिली, मागची बाजू कोरी आहे.

दुपारी बीएलओ ताईंचा फोन. १९ ऑक्टोबरच्या त्या पोरीचा आगाऊ अर्ज पडताळणीला आलाय, त्या घरी जाऊन आल्या. "कुलूप आहे. शेरा काय मारू?"

म्हटलं, तोडीला गेलीय, पट्टा पडला की येईल, असं लिहा.

"ॲपमध्ये असा पर्यायच नाही हो," त्या म्हणाल्या. "राहते किंवा राहत नाही, एवढंच आहे."